एकाच बीजाचे जुळे भाऊ, मग टाळूवरच्या वळ्या वेगळ्या कशा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही आणि तुमचा भाऊ जुळे, आणि लहानपणापासून लोक तुमच्यात गल्लत करत आले आहेत. दात सरळ करून घ्यायचे म्हणून दोघांच्या वरच्या जबड्याचे साचे काढले. ते शेजारी शेजारी ठेवले तेव्हा दातांची ठेवण जवळपास सारखी निघाली, पण टाळूवरच्या आडव्या वळ्या सरळसरळ वेगळ्या दिसल्या. साचे ओतणाऱ्याने 'मग तुम्ही एकसारखे जुळे नसणार' असं सांगितलं, आणि तेव्हापासून तुमच्या मनात किंतु आहे. त्यात आणखी एक कोडं: तुमच्या उजव्या बाजूला दोन फाटे फुटलेली एक वळी आहे, आणि तशीच वळी तुमच्या मुलीच्या साच्यातही आहे. ती तिला तुमच्याकडून मिळाली का?

साचे ओतणाऱ्याचा निष्कर्ष चुकीचा आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांच्या वळ्यांत साम्य असतं, पण त्या तंतोतंत जुळत नाहीत. जुळ्यांच्या साच्यांवर झालेल्या अभ्यासांत हेच दिसलं आहे आणि माझ्या कपाटातल्या साच्यांतही हेच दिसतं. मी २८ वर्षं दात आणि जबड्यांच्या वाढीवर उपचार करते आहे, आणि जुळी भावंडं आली की त्यांचे साचे मी आवर्जून राखून ठेवते.

तुम्ही विचारलंत, 'वळ्या अनुवंशिक असतात की नाही?' याचं 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर दिलं तर दोन्ही वेळा तुमची दिशाभूल होईल. विचारायला हवं ते असं: जनुकांमधून पुढच्या पिढीकडे नेमकं काय जातं, वळ्यांचं चित्र की ते चित्र उमटण्याची रीत? माझं उत्तर आहे, रीत. बाकी सगळं यातूनच उलगडतं.

आधी जागा नीट ओळखून घ्या. जिभेचं टोक वरच्या पटाशीच्या दातांच्या लगेच मागे टेका. मधोमध एक छोटा मऊ उंचवटा लागेल. तिथून जीभ हळूहळू मागे सरकवली की दोन्ही बाजूंना खरखरीत आडव्या वळ्या जाणवतील. बहुतेकांना प्रत्येक बाजूला तीन ते पाच असतात. टाळूच्या मध्यावरून एक उभी शिवण जाते आणि वळ्या ती शिवण ओलांडत नाहीत. उपदाढांच्या मागे गेलात की टाळू गुळगुळीत लागतो. इतर बहुतेक सस्तन प्राण्यांत या वळ्या जवळपास पूर्ण कठीण टाळूभर असतात. उंदराला आठ-नऊ असतात, शिडीच्या पायऱ्यांसारख्या ओळीने. माणसात त्या फक्त पुढच्या भागात उरल्या आहेत आणि बऱ्याच विस्कळीतही आहेत: कुठे सरळ, कुठे नागमोडी, कुठे कमानीसारख्या, कुठे मध्येच तुटलेल्या, कुठे फाटे फुटलेल्या.

या वळ्या गर्भात फार लवकर बनतात. टाळू आधी दोन फळ्यांच्या रूपात जिभेच्या दोन्ही बाजूंना उभा असतो. मग त्या फळ्या आडव्या होतात आणि मधोमध एकमेकींना जोडल्या जातात. तुम्हाला जिभेने लागणारी शिवण ही त्याच जोडाची खूण. गर्भाच्या बाराव्या ते चौदाव्या आठवड्याच्या सुमारास वळ्या दिसू लागतात. जिथे वळी यायची तिथे आधी वरचा पातळ थर जाड होतो, मग त्याखाली तंतूंची दाटी होते आणि ती जागा उचलली जाते. मूल जन्मतं तेव्हा वळ्या तयार असतात. पुढे जबड्याबरोबर त्या लांबतात, पण त्यांचा मूळ आराखडा टिकून राहतो.

आता मुद्द्याचं. इथे वळी आणि तिथे सपाट जागा, हे ठरवतं कोण? आपल्याला सहज वाटतं की जनुकांत एखादा नकाशा असेल: पहिली वळी इथे, दुसरी तिथे, तिसरीला या ठिकाणी फाटा. असा नकाशा नसतो. १९५२ मध्ये गणितज्ञ ॲलन ट्युरिंगने एक विचार मांडला. समजा, एखाद्या पेशीजालात दोन रसायनं पसरत आहेत. एक चेतवणारं, जे स्वतःचं उत्पादन वाढवतं आणि सोबत दुसऱ्यालाही निर्माण करतं. दुसरं आवरणारं, जे पहिल्याला दाबतं आणि त्याच्यापेक्षा लांबवर पसरतं. एवढ्या दोनच अटी पाळल्या गेल्या तर एकसारख्या दिसणाऱ्या पृष्ठभागावर आपोआप पट्टे किंवा ठिपके उमटतात. जिथे चेतवणारं थोडं जास्त झालं तिथे पट्टा उभा राहतो, त्याच्या आजूबाजूला आवरणाऱ्याचा जोर असतो म्हणून तिथे दुसरा पट्टा येत नाही, आणि ठरावीक अंतरावर जोर ओसरला की पुढचा पट्टा उगवतो. वाऱ्याने वाळूवर उठलेल्या लाटा आठवा. वाळूत लाटांचा नकाशा नसतो, तरी लाटा ठरावीक अंतराने उठतात, आणि मध्येच एखादी लाट दुभंगतेही.

टाळूच्या बाबतीत हा विचार प्रयोगातून तपासला गेला. उंदराच्या गर्भात वळी जिथे येणार असते तिथे 'सॉनिक हेजहॉग' नावाचं जनुक पट्ट्यांच्या रूपात जागं झालेलं दिसतं. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात एक वळी कापून काढून पुढे काय होतं ते पाहिलं गेलं. नकाशा असता तर कापलेल्या जागी काही उमटलं नसतं, किंवा मूळ जागी तीच वळी परत आली असती. घडलं वेगळंच: शेजारच्या पट्ट्याला फाटे फुटले आणि ते फाटे रिकाम्या जागेकडे वाढले. ट्युरिंगच्या पद्धतीने बनणाऱ्या पट्ट्यांची ही खास खूण मानली जाते. टाळूची वाढ थोपवली तरी नवे पट्टे येत राहिले. एफजीएफ गटातली (पेशींच्या वाढीला चालना देणारी) प्रथिनं चेतवणाऱ्याच्या बाजूची आणि सॉनिक हेजहॉग आवरणाऱ्याच्या बाजूचं, असं त्याच प्रयोगांतून पुढे आलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कपाटातले साचे पुन्हा काढून बसले होते. इतकी वर्षं फाट्यांच्या वळ्या मी फक्त 'फाट्याची' म्हणून नोंदवत होते. फाटा हा वळी घडतानाच्या घडामोडीचा गोठून राहिलेला क्षण असू शकतो, हे तेव्हा जाणवलं.

मग जनुकं काय करतात? या दोन रसायनांचं प्रमाण, त्यांचा वेग, ती किती लांब पोचतात, किती लवकर विरघळून जातात, पेशीवरचे ग्राहक, म्हणजे ही रसायनं पकडणारी प्रथिनं, त्यांना किती घट्ट धरतात, हे सगळं जनुकं ठरवतात. आणि चित्र ज्या कागदावर उमटायचं तो कागदही तीच ठरवतात: टाळू किती लांब, किती रुंद, कोणत्या आठवड्यात किती वेगाने वाढणार. माणसामाणसांत जनुकांचे जे बारीक फरक असतात, ते या आकड्यांना थोडं इकडे-तिकडे सरकवतात. आवरणारं रसायन लांबवर पोचत असेल तर वळ्या विरळ पडतील. टाळू लांबट असेल तर एखादी वळी जास्त बसेल. वाढ एका बाजूला ओढ घेत असेल तर वळ्यांचा कल बदलेल. वळ्यांचं असं एकच एक जनुक नाही. अनेक जनुकांचा थोडा थोडा हात असतो, आणि तीच जनुकं इतरत्रही कामं करत असतात.

याचा पुरावा सगळ्यात ठळकपणे दिसतो तो एखादं जनुक पार बिघडतं तेव्हा. 'टॅबी' नावाचा उंदरांचा एक वाण आहे. त्यात ईडीए हे जनुक काम करत नाही, आणि अशा उंदरांत टाळूच्या वळ्यांची रचना विस्कटते. हेच जनुक दात, केस आणि घामाच्या ग्रंथी घडवण्यातही लागतं. माणसात ते बिघडलं की दात कमी किंवा सुळक्यासारखे, केस विरळ आणि घाम फारसा न येणं असा आजार होतो. हे सांगण्याचं कारण इतकंच की दात, केस आणि टाळूच्या वळ्या ही एकाच हत्यारपेटीतून घडलेली कामं आहेत. तुमच्या वळ्यांत फाटा आहे किंवा भावापेक्षा एक वळी कमी आहे, याचा अर्थ आजार आहे असा मुळीच नाही.

आता तुम्ही दोघे. तुम्ही एकबीज असाल तर तुमची जनुकं जवळपास सारखी, म्हणजे रीतही सारखी. मग चित्र वेगळं का? कारण पट्टा पहिल्यांदा कुठे धरणार हे अगदी बारीक, योगायोगाच्या फरकांवर ठरतं. एखाद्या पेशीत त्या घटकेला प्रथिनाचे थोडे जास्त रेणू होते, एखादी पेशी शेजारणीआधी दुभंगली, एवढंही पुरतं. पट्टा एकदा धरला की तो शेजारच्या जागा अडवतो आणि पुढचं सगळं त्यावर बेततं. शिवाय जुळे गर्भ एकाच गर्भाशयात असले तरी दोघांना मिळणारी जागा आणि रक्तपुरवठा समान नसतो.

यावर कोणी म्हणेल की गर्भाशयातल्या परिस्थितीचाच सगळा फरक असेल, योगायोग वगैरे काही नाही. त्यासाठी मी माझ्या विद्यार्थ्यांना एक गोष्ट करायला लावते, तुम्हीही करा. भावाचा साचा बाजूला ठेवा आणि फक्त स्वतःचा घ्या. खोलीतला मोठा दिवा बंद करून एका बाजूने तिरका प्रकाश टाका. सावल्या पडल्या की वळ्या उठून दिसतात. मऊ शिसाच्या पेन्सिलने प्रत्येक वळीच्या माथ्यावरून रेघ ओढा. आता मधल्या शिवणीवर एक पट्टी आडवी न धरता उभी धरा आणि आधी डावी बाजू झाका, मग उजवी. दोन्ही बाजूंची जनुकं तीच, आई तीच, नाळ तीच, आठवडा तोच. तरी डावी बाजू उजवीचं प्रतिबिंब नसते. एका बाजूला तीन लांब वळ्या, तर दुसऱ्या बाजूला दोन लांब आणि मध्ये एक तुकडा, असं काहीतरी निघेल. प्रत्येक माणूस जुळ्यांचा प्रयोग आपल्या तोंडात घेऊन फिरतो. ज्या माणसाच्या दोन बाजू एकमेकींशी जुळत नाहीत, त्या माणसाची वळी न् वळी त्याच्या भावाशी जुळावी, ही अपेक्षाच चुकीची ठरते.

बोटांच्या ठशांचं असंच आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात बोटांवरच्या रेघाही ट्युरिंगच्या पद्धतीनेच उमटतात असं दाखवलं गेलं, आणि तिथेही ईडीए ज्या साखळीत येतं ती साखळी भाग घेते. एकबीज जुळ्यांच्या ठशांतल्या रेघांची एकूण संख्या एकमेकांच्या खूप जवळ असते, पण एखादी रेघ नेमकी कुठे तुटते आणि कुठे दुभागते ते वेगळं असतं. मोजता येणारं ढोबळ माप जनुकांच्या जवळ, बारकावा योगायोगाच्या जवळ. टाळूलाही हीच फूटपट्टी लावा.

इथवरचं एकदा जुळवून घेऊ. जनुकांतून येतो तो वळ्यांमधल्या अंतराचा, संख्येचा आणि एकूण ढंगाचा कल, आणि टाळूचा आकार. प्रत्येक वळीची वळणं, तुकडे आणि फाट्यांची जागा गर्भातल्या त्या थोड्या आठवड्यांत ठरते. म्हणून तुमच्या आणि भावाच्या साच्यांत पाहायचंच असेल तर आधी ढोबळ गोष्टी पाहा.

पाहण्याचीही रीत आहे, कारण साच्यांची तुलना चुकीची झाली तर नसलेले फरक दिसतात. १९५५ मध्ये लिसेल या संशोधकांनी मांडलेली विभागणी मी अजून वापरते: ५ मिमी किंवा त्याहून लांब ती मुख्य वळी, ३ ते ५ मिमीची दुय्यम, त्याहून लहान तो तुकडा. १९८३ मध्ये थॉमस आणि कोट्झे यांनी आकार आणि फाट्यांचं वर्गीकरण आणखी बारकाईने केलं. लांबी कर्कटकाने मोजा, डोळ्यांच्या अंदाजाने नको. आणि एकदा मोजलेलं आठवड्याने, आधीचे आकडे न पाहता, पुन्हा मोजा. माझ्या स्वतःच्या दोन मोजण्यांतही नागमोडी आणि कमानीच्या वळ्यांत घोळ होतो, आणि २८ वर्षांनंतरही होतो. तुकडा मोजायचा की सोडायचा, यावर दोन तज्ज्ञांचं एकमत होणं कठीण. 'स्पष्टपणे वेगळ्या' असं जेव्हा कोणी म्हणतं, तेव्हा त्यातला किती भाग पाहणाऱ्याच्या नजरेचा आहे हे आधी काढून टाकावं लागतं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या तुमच्या प्रश्नात आलेल्या नाहीत. दोघांपैकी कोणाचा वरचा दात पूर्वी काढला होता का? लहानपणी कोणाचा टाळू रुंद करण्याचं उपकरण बसवलं होतं का? कोणाला अंगठा चोखण्याची सवय मोठेपणापर्यंत होती का? दात काढला किंवा सरकवला की वळीचं दाताकडचं टोक त्याच्यामागे ओढलं जातं, आणि टाळू रुंदावला की वळ्यांमधली अंतरंही हलतात. आतलं, शिवणीजवळचं टोक बरंच स्थिर राहतं, त्यातही तिसऱ्या वळीचं. म्हणून तुलना आतल्या टोकांपासून सुरू करा. साच्याचा दर्जाही पाहा. ठसा घेताना हवेचा बुडबुडा अडकला तर प्लास्टरमध्ये एक फसवा गोळा येतो, आणि ठसा ताणला गेला तर एखादी वळी पुसट होते.

मुलीच्या फाट्याच्या वळीबद्दल. तिला तुमची निम्मी जनुकं मिळाली आहेत, त्यामुळे टाळूची रुंदी, वळ्यांमधलं अंतर, कदाचित फाटे फुटण्याकडचा कलही तुमच्याकडून आलेला असू शकतो. पण नेमका तो फाटा, उजवीकडे, त्याच जागी, हा 'मिळालेला' म्हणता येत नाही. तुम्ही एकबीज असाल तर तुमच्या जुळ्या भावाची जनुकं तुमच्याशी जवळपास शंभर टक्के जुळतात. त्याच्या टाळूवर तो फाटा नसेल, आणि निम्म्या जनुकांच्या मुलीत असेल, तर त्यात योगायोगाचा वाटा मोठा आहे हे उघडच आहे. फाट्याच्या वळ्या दुर्मीळ नसतात. मुलीच्या आईचा साचा मिळाला तर तोही शेजारी ठेवून पाहा. आपण ज्याचं साम्य शोधायला बसतो तेवढंच नजरेत भरतं, आणि आईकडची साम्यं कोणी मोजलेलीच नसतात.

याच कारणासाठी, कोणी टाळूच्या वळ्यांवरून पितृत्व किंवा नातं सिद्ध करून देतो म्हणाला तर अजिबात ऐकू नका. ते डीएनएचं काम आहे. वळ्यांवरून स्त्री की पुरुष, किंवा अमुक वंशाचा, असं एका माणसाबद्दल सांगणंही मला पटत नाही. गटांच्या सरासरीत फरक आढळतात, पण गटांची व्याप्ती एकमेकांत इतकी मिसळलेली असते की एकट्या साच्यावरून निदान करणं धाडसाचं आहे.

ओळख पटवण्यासाठी मात्र वळ्या फार उपयोगी आहेत, आणि हा वापर वर सांगितलेल्या कारणामुळेच शक्य होतो. १८८९ मध्येच शरीरशास्त्रज्ञ हॅरिसन ॲलन यांनी तसं सुचवलं होतं. ओठ, गाल, दात आणि जीभ यांच्या आडोशामुळे अपघातात किंवा आगीत टाळू पुष्कळदा शाबूत राहतो. दात पडून गेलेल्या माणसाच्या बाबतीत तर तो आणखी मोलाचा. अट एकच: आधीचा साचा उपलब्ध हवा. जुळ्यांमध्येही वळ्या वेगळ्या असल्यामुळे, डीएनएची नेहमीची चाचणी जिथे दोन भावांत फरक करू शकत नाही तिथे साचा करू शकतो. वळ्यांतला हा योगायोगाचा भाग एखाद्या घरच्यांना आपलं माणूस परत मिळवून देतो. म्हणून मला तो भाग कधीच 'चूक' वाटला नाही.

तुमचा मूळ किंतु दूर करायचाच असेल तर गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्याची डीएनए चाचणी करा. रक्तगट वेगळे असतील तर एकबीज नाही हे जवळपास नक्की होतं, पण सारखे असले म्हणून एकबीज ठरत नाही. 'आईने सांगितलं होतं दोन वारा होत्या' यावरही जाऊ नका. सुमारे एक तृतीयांश एकबीज जुळ्यांना वेगवेगळ्या वारा असतात.

आणि साचे टाकून देऊ नका. उपचार सुरू होण्याआधीच्या दोन्ही साच्यांच्या तळाला पेन्सिलने नाव आणि तारीख लिहून ठेवा. उपचार संपल्यावर तुमचे दंतवैद्य नवा साचा या जुन्याशी ताडून पाहतील, आणि दात नेमके किती सरकले हे मोजण्यासाठी त्यांना तिसऱ्या वळीचं आतलं टोकच लागणार आहे.